कळलावी घरी लावायचीय? मग खुरपं खाली ठेवा आणि दिवाळीपर्यंत थांबा

श्रावण सरत आला की माझ्या फोनवर कुणाचा ना कुणाचा फोटो येतोच. पन्हाळ्याला गेलो होतो, जोतिबाला गेलो होतो, गगनबावड्याच्या रस्त्याला चहाला थांबलो होतो, कडेच्या करवंदीच्या जाळीत हे फूल दिसलं, नाव काय याचं आणि घरी लावायला मिळेल का. फोटो उघडायच्या आधीच मला माहीत असतं काय असणार, कारण एवढं पेटल्यासारखं लाल-पिवळं फूल आपल्या रानात पावसाळ्यात दुसरं नाही. कळलावी. कुणी अग्निशिखा म्हणतं, कुणी वाघनखी, कुणी खड्यानाग, घाट उतरून कोकणात गेलं की गौरीचे हात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, १७५३ साली लिनियसनं ठेवलेलं. इंग्रजीत फ्लेम लिली म्हणतात म्हणून आपणही लिली म्हणतो, आधी शास्त्रज्ञ पण तिला लिलीच्याच कुळात धरायचे, आता तिचं कूळ वेगळं मानतात, कोल्चिकेसी, आणि त्या नावातच तिच्या विषाचं नाव लपलंय, त्याच्याकडं येतेच मी.

आणि मग काही दिवसांनी त्यातल्याच एकदोघांचा दुसरा फोटो येतो. फुलासकट उपटून आणलेली वेल, कुंडीत खोचलेली, मान टाकलेली. काय चुकलं विचारतात. चुकलं ते उपटण्यातच चुकलं, कारण फुलावर आलेली कळलावी ओढली की दांडा हातात येतो आणि कंद जमिनीत राहतो, नाहीतर कंद निघतो पण त्याचं टोक मोडतं, आणि दोन्हीत वेल जाते ती जातेच. तुमच्याकडं पण नाही आणि बांधावर पण नाही. म्हणून हे सगळं लिहायला बसले, लावायची कशी ते सांगते, पण आधी ती राहते कुठं ते नीट बघून घ्या, ते कळलं की लावणं निम्मं जमलंच म्हणून समजा.

माझं माहेर पन्हाळा तालुक्यात, कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, तिथून जरा आत. आमच्या शेताचा वरचा बांध तांबड्या मातीचा, मुरमाड, त्यावर करवंद, निर्गुडी, घायपात, मधे मधे एखादं बाभळीचं झाड, आणि या सगळ्या गचपणात कळलावी. खाली काळ्या मातीत ऊस, तिथं मात्र कधी एक वेल बघितली नाही. हे लक्षात ठेवा, काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो, तांबडी मुरमाड उतारावरची माती पाणी सोडून देते. दुसरं म्हणजे तिला डोकं उन्हात आणि पाय सावलीत लागतात. जाळीच्या बुडात गार सावली, पालापाचोळा, तिथनं कोंब निघतो आणि झुडपाला धरत धरत वर येऊन फुलं मात्र उघड्यावर, उन्हात. मसाई पठारावर जाल तर मधल्या उघड्या कातळावर ती शोधू नका, तिथं धरायला काही नाहीच, पठाराच्या कडेला जिथं झाडोरा सुरू होतो तिथं बघा. (पठारावरच्या गवतात मात्र तिचीच एक भावकीतली भेटेल, इफिजेनिया, वीतभर उंची, जांभळट लाल चांदणीसारखं एवढंसं फूल, बसून बघितल्याशिवाय दिसत नाही. पाय जपून टाका, मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे.) पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जुलैत जी पोरं चालत जातात, १६६० साली महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं गेले त्या वाटेनं, त्यांना ती फुलाविना दिसते, नुसती वर चढत असते, त्यामुळं ओळखू येत नाही. तेव्हा पानाचं टोक बघायचं.

पानाचं टोक ही तिची सगळ्यात पक्की खूण. पान लांबट, चकचकीत हिरवं, आणि शेंड्याला पानच बारीक होत होत तार होते आणि त्या तारेची गुंडाळी होते. दुधी-दोडक्याला कसा ताणा वेगळा फुटतो, तसं हिचं नाही, पानाच्याच टोकाचा हिचा ताणा. गेल्या जुलैत मी एका पानासमोर बराच वेळ बसले होते, सकाळी ते टोक करवंदीच्या काडीला नुसतं टेकलेलं, दुपारी भाकरी खाऊन परत आले तर अर्धा वेढा पडलेला, दुसऱ्या दिवशी दोन वेढे आणि एवढे घट्ट की मी बोटानं हलवून बघितलं तर करवंदीची काडीच हलली. काडी बारीक होती म्हणून धरली. जाड बांबूला तिला धरताच येत नाही, हे पुढं कुंडीत लावताना उपयोगी पडणार आहे.

फूल तर काय सांगू. कळी खाली मान घालून हिरवी असते, उमलताना सहाच्या सहा पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा कुरळ्या, आधी हिरवट पिवळ्या, मग बुडाला पिवळ्या आणि शेंड्याला केशरी, मग लाल, आणि जाता जाता गडद लाल. एकच फूल आठवडाभर रंग बदलत राहतं, त्यामुळं एका वेलीवर एकाच वेळी चार रंगांची फुलं दिसतात आणि लोकांना वाटतं वेगवेगळ्या जाती आहेत. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाजूला पसरलेले आणि स्त्रीकेसराची दांडी बुडातच काटकोनात मोडल्यासारखी एका बाजूला वळलेली. मोडलेली नसते, तशीच असते. फुलपाखरू किंवा शिंजीर मधासाठी फुलाभोवती फिरतं तेव्हा पंखांना पराग लागतात आणि दुसऱ्या फुलावर त्या बाजूला आलेल्या दांडीला पुसले जातात.

आता विष. हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका, विशेषतः घरात लहान पोरं, गाय-म्हैस, कुत्रं असेल तर. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बिया सगळ्यात जास्त. त्यात कोल्चिसिन असतं. ते पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणून गाऊटवर, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या एका आजारावर, त्याचं औषध होतं पण अगदी मोजून मापून, डॉक्टरच्या हाताखाली, आणि म्हणूनच ते पोटात जास्त गेलं तर शरीरात जिथं जिथं पेशी भराभर वाढत असतात तिथं आधी घाव बसतो. काही तासांनी घशात जळजळ, उलट्या, जुलाब, मग रक्त तयार होणं बिघडतं, वाचलेल्या माणसाचे आठवडा-दोन आठवड्यांनी केस गळतात. कंद रताळ्यासारखा, कणगासारखा दिसतो म्हणून चुकून खाऊन माणसं गेलेली आहेत. कुणी खाल्लं अशी नुसती शंका आली तरी ताक पाज, मीठपाणी पाज असलं काही करत बसू नका, त्रास होईपर्यंत वाट पण बघू नका, वेलीचा तुकडा नाहीतर फोटो घेऊन थेट कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात. नावात कळ आहे ती बाळंतपणाची, पूर्वी कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावायचे, आमची आज्जी सांगायची, पण तीच आज्जी फूल घरात आणू द्यायची नाही, घरात भांडणं लागतात म्हणायची. भांडणाचं माहीत नाही, पण पोरांचा हात त्या वेलीला लागू नये म्हणून कुणा जुन्या बाईनं ते सांगून ठेवलं असेल असं मला मनापासून वाटतं, आणि मी पण माझ्या भाच्यांना तेच सांगते.

हे सगळं ऐकूनही लावायची आहे ना, मग दिवाळी होऊ द्या.

फुलं गणपतीच्या आगंमागं असतात, त्यांची बोंडं तयार व्हायला दिवाळी उलटते. बोंड हिरवं असतं, तीन कप्प्यांचं, मग पिवळट तपकिरी होतं, वाळतं आणि उकलतं, आत लाल-केशरी गोल बिया ओळीनं बसलेल्या. उकलायच्या बेतातलं बोंड घ्यायचं. हिरवं तोडलं तर बिया कच्च्या राहतात, उगवत नाहीत. आणि एका वेलीचं एकच बोंड, बाकीची तिथंच. ज्याचा बांध त्याला विचारून घ्या, "काका, त्या जाळीतल्या वेलीचं एक बोंड नेऊ का" एवढंच विचारायचं, कुणी नाही म्हणत नाही आणि विचारल्यामुळं त्याला पण कळतं की या गचपणात काहीतरी किमतीचं आहे. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातून किंवा कुठल्याही राखीव जंगलातून मात्र बी सुद्धा आणायचं नाही, तो गुन्हा आहे. राधानगरी १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथलं तिथं राहू द्या.

बिया आणल्या की हातमोजे घालून वरचं लाल गरासारखं आवरण पाण्यात चोळून काढा, सावलीत चार-पाच दिवस वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर ठळक "विषारी, कळलावी" लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी मे महिन्यापर्यंत विसरून जा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम येतो आणि बुरशी धरते. लगेच पेरायची घाई कराल तर काही उगवणार नाही, बी झोपलेलं असतं, रानात पण ते हिवाळा-उन्हाळा काढूनच पावसाला जागं होतं. मी पहिल्या वर्षी डिसेंबरातच पेरल्या होत्या, महिनाभर रोज पाणी घातलं, निम्म्या सडल्या.

मे संपता संपता बिया रात्रभर पाण्यात भिजवा. कुंडी किमान बारा इंच खोल, बुडाला भोक मोकळं, त्यावर खापराचे तुकडे. माती निम्मी तांबडी, पाव भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, पाव भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. ताजं शेणखत अजिबात नको. नर्सरीतलं नुसतं कोकोपीट पण नको, आपल्याकडच्या जुलैच्या पावसात ते दिवसेंदिवस ओलंगच्च राहतं. बी अर्धा-पाऊण इंच खोल टाका, एका कुंडीत पाच-सहा, आणि कुंडी अशा जागी ठेवा जिथं सकाळचं ऊन येतं पण पागोळ्या थेट पडत नाहीत.

आणि मग वाट. एखादं बी तीन आठवड्यात येतं, एखादं दोन-तीन महिन्यांनी, एखादं चक्क पुढच्या वर्षी, त्यामुळं कुंडी रिकामी दिसली म्हणून माती ओतून टाकू नका. येणारं रोप बघून तुमचा विश्वास बसणार नाही की ही कळलावी, अगदी गवताच्या पात्यासारखं असतं, टोकाला गुंडाळी पण नसते. आमच्याकडं दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी तण समजून तीन रोपं उपटली, त्यांची काय चूक, मी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचून ठेवते आणि घरात सगळ्यांना दाखवून ठेवते.

पहिल्या वर्षी एवढंच, तीन-चार पाती, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती पण पिवळी पडायला लागतात. इथं बहुतेक जण घाबरतात आणि पाणी वाढवतात, खत घालतात. उलट करायचं असतं, पाणी कमी करत करत बंद. वेल मरत नसते, सगळी ताकद खाली कंदात नेऊन ठेवत असते. पानं आपली आपण वाळून गळू द्या, हिरवी असताना कापू नका, मग कुंडी जिन्याखाली नाहीतर गच्चीच्या कोरड्या कोपऱ्यात सरकवा, मे पर्यंत थेंबभर पाणी नको. आणि उकरून बघू नका. मला माहीत आहे हात शिवशिवतो, पण नका बघू.

दुसऱ्या वर्षी वेल हात-दीड हात जाते, ताणे यायला लागतात, आता आधार लागणार. तुरीच्या वाळक्या काड्या, करवंदीचं वाळकं झाळकट, नाहीतर नायलॉनची जाळी, काहीही पण बारीक, ते पानाचं टोक आठवा. सगळ्यात चांगलं म्हणजे जागा असेल तर जमिनीतच, एखाद्या जास्वंदीच्या किंवा निर्गुडीच्या बुडाला, ईशान्येच्या बाजूला, आधार पण मिळतो आणि पायाशी सावली पण. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात फूल. माझ्या पहिल्या वेलीला चौथ्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी दोन कळ्या आल्या आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथंच उभी राहायचे.

शहरात, म्हणजे राजारामपुरीच्या नाहीतर ताराबाई पार्कच्या गच्चीवर फूल आलं तरी बोंड धरेलच असं नाही, फुलपाखरं कमी. मग हातानं करायचं. सकाळी पराग मोकळे झाले की रंगाच्या बारीक ब्रशनं ते उचलायचे आणि दुसऱ्या फुलाच्या त्या बाजूला वळलेल्या दांडीच्या टोकाला, जिथं तीन फाटे असतात, तिथं लावायचे, शक्यतो दुसऱ्या वेलीचे पराग. तामिळनाडूत औषधी बियांसाठी कळलावीची शेती होते, तिथले शेतकरी असंच हातानं परागीकरण करतात. त्यांचं ते राज्यफूल पण आहे.

नर्सरीत कधी कधी कंद विकायला असतात, रॉथ्सचाइल्डियाना नावानं, पाकळ्या रुंद, कडा कमी कुरळ्या. ते बाहेरून आलेलं वाण आहे. कुंडीत हौस म्हणून लावा, पण बांधावर, रानाजवळ नको, तिथं आपली गावठी आहे तीच राहू दे. आणि कुणी रानातले कंद पोत्यानं विकत असेल तर घेऊ नका, तुम्ही घेतले की तो पुढच्या वर्षी अजून खणणार.

कंदाला हात लावायचा एकच प्रसंग मला पटतो. आमच्या माहेरच्या बांधापलीकडं रस्ता रुंद करायचं काम निघालं, जेसीबी आला, जाळी गेली, आणि ती वीस-पंचवीस वर्षं मी बघत आलेली वेल पण गेली, मला दोन दिवसांनी कळलं. आधी कळलं असतं तर काढून आणता आली असती. तुमच्याकडं असं काही होणार असेल, बांध सपाट होणार, जाळी काढून तारेचं कुंपण येणार, तर फुलं असतानाच त्या जागेला दगड रचून खूण करा आणि पानं पूर्ण वाळल्यावर, डिसेंबरात, मालकाला विचारून काढा. हातमोजे घालून, लांबून गोल खणत यायचं, खुरपं उभं खुपसायचं नाही. कंद नांगराच्या आकाराचा असतो, संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्याच्यामुळंच, दोन फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. उसाच्या कांडीला पेरापेराला डोळा असतो, एक गेला तर दुसरा फुटतो, आपल्याकडं सगळ्यांना तीच सवय, पण इथं टोक मोडलं की तो फाटा वाया गेला, मधून काही फुटत नाही. आणि कंद ठिसूळ असतो, गाजरासारखा कटकन मोडतो. काढलेला कंद कोरड्या वाळूत मे पर्यंत ठेवायचा, मग आडवा, दोन-तीन इंच खोल लावायचा. जुना कंद त्या पावसाळ्यात आटून जातो आणि शेजारी नवा होतो, म्हणूनच रानातली वेल दरवर्षी थोडी सरकून उगवते, गेल्या वर्षीच्या जागी दिसली नाही तर वीतभर इकडंतिकडं बघा.

घरच्या वेलीला बोंडं धरायला लागली की त्यातली निम्मी मी परत माहेरी नेते. उरलेल्या बांधावर, करवंदीच्या बुडात, काडीनं भोक पाडून दोन-दोन बिया टाकते, मे अखेरीला, वळवानं माती जरा ओली झाली की. भावाला सांगून ठेवलंय की त्या बांधाला तणनाशक मारायचं नाही आणि पाचट पेटवताना वरच्या बाजूला आधी पट्टा साफ करून घ्यायचा, जाळ जाळीत शिरता कामा नये. तो ऐकतो. कामाला येणाऱ्या मावशींना पण पात्यासारखी रोपं दाखवून ठेवलीत, त्या आता गवत कापताना तेवढी जागा सोडून कापतात, आणि गेल्या भाद्रपदात त्यांच्यातल्याच एकीनं मला फोन केला, "ताई, तुमची ती वाघनखी वरच्या जाळीत पण आलीय, एक कळी हाय, रविवारी आलासा तर घावंल."